डावा पाय : क्लच प्लेटच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

ट्रॅक्टर मोहोळला चाचांच्या गॅरेजात दोन तुकडे होऊन उभा आहे. इंजिनाखाली जॅक, गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळे, मधल्या जागेत चाचा, आप्पा आणि वही घेऊन मी. गेल्या दिवाळीआधी टाकलेली क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी चकती, या दिवाळीपर्यंतसुद्धा पुरली नाही. आप्पांचा निकाल घरूनच लागलेला : तात्यांनी प्लेट जाळली, खर्च त्यांच्या उचलीतून कापायचा. तात्या सहा वर्षं आमच्याकडं ड्रायव्हर आहेत. आज ते आले नव्हते. खरं तर त्यांना बोलावलंच नव्हतं.

चाचांनी प्लेट उजेडात धरली, फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागचं जड चाक, प्लेट यावरच दाबली जाते) अंगठा फिरवला, मग बोलायला लागले. जमेल तसं उतरवून घेतलं. अस्तर रिवेटपर्यंत झिजलंय. रिवेटच्या डोक्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडलेत. चऱ्यांच्या मधे निळे-काळे डाग, म्हणजे लोखंड तापून रंग बदललेला. प्लेट कोरडी आहे. इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळत असतं तर अस्तर तेलानं चकचकीत झालं असतं, आणि मग ड्रायव्हरला बोलण्यात अर्थ नव्हता. मधल्या हबच्या स्प्रिंगा घट्ट, खाचा शाबूत. "झटक्यानं सोडणाऱ्याची प्लेट अशी नसती बेटा. त्याच्या स्प्रिंगा पयल्या जातात. हा माणूस हळू सोडतो. लई हळू."

आप्पा जरा गोंधळले. तात्यांचं कौतुकच त्या हळू सोडण्याचं आहे. त्यांच्या ट्रॉलीत बसून चहा प्यावा, सांडत नाही.

शेवटी रिलीज बेअरिंग, पेडल दाबलं की प्रेशर प्लेटच्या फिंगरा दाबून प्लेट मोकळी करणारं. हातानं फिरवलं तर खरखर. प्रेशर प्लेटच्या फिंगरांची टोकं आरशासारखी घासलेली. चाचांनी विचारलं, "पेडलचा प्ले, म्हणजे रिकामी चाल, कधी बघितला होता?"

आप्पा म्हणाले, "तो बघायचा असतो?"

हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं, आप्पांना दिसणार नाही अशा बेतानं.

६ ऑक्टोबर

फ्लायव्हील सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर फेसिंग करून आणलं. चरे गेले, निळे डाग बहुतेक गेले. नवी प्लेट, नवं बेअरिंग, प्रेशर प्लेट दुरुस्त करून. प्लेट मधोमध बसावी म्हणून चाचांकडं जुन्या गिअरबॉक्सचा कापलेला शाफ्ट आहे. तो आत घालून मगच बोल्ट आवळले, तेही समोरासमोरचे, थोडे थोडे. खर्च इथं लिहीत नाही. ही वही आप्पा वाचतात.

मग पेडलचा प्ले. पेडल बोटानं दाबत जायचं, जिथं जड लागायला लागतं तिथपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. पुस्तिकेत २० ते २५ मिमी दिलंय, आम्ही २२ ठेवला. एवढं अंतर पेडल रिकामं फिरतं, म्हणजे बेअरिंग आणि फिंगरांमधे फट आहे. अस्तर झिजत जाईल तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं सरकते, फिंगरांची टोकं बेअरिंगकडं येतात आणि ही फट कमी होते. ती संपली की कुणी पेडलला हात न लावताही बेअरिंग फिंगरांवर टेकलेलं राहतं. प्लेटवरचा दाब कमी, ती घसरते, घसरली की आणखी झिजते. आमच्या ट्रॅक्टरचा जुना प्ले चाचांनी खोलण्याआधी पाहिला होता : शून्य.

म्हणजे शेवटचे काही महिने तात्यांनी पाय मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालवला असता तरी प्लेट गेलीच असती. जेवताना आप्पांना हे सांगितलं. भाकरी मोडण्याचा आवाज तेवढा आला. आमच्याकडं कडक भाकरी असते.

माझ्यासाठी यात एक सोय आहे. ट्रॅक्टर न खोलता झीज मोजायची असेल तर प्ले किती कमी झाला ते मोजत राहायचं. प्ले कमी-जास्त करायच्या रॉडच्या लॉकनटवर पांढऱ्या रंगाची खूण केली.

९ ऑक्टोबर

सरांनी विषय मान्य केला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला बाकीचे गट सोलरवर चालणारं काहीतरी करायलेत. सर म्हणाले, "मोजणार काय?" मी म्हटलं, क्लच किती वेळा दाबला ते. त्यांनी मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नाही.

१३ ऑक्टोबर

ज्वारीच्या रानात रोटर (रोटाव्हेटर). पेरणीला उशीर झालाय, काळ्या रानात अजून ओल आहे. मोजायला आजीचं नामजपाचं काउंटर घेतलं, पंढरपूरहून आणलेलं, बोटात घालायचं. तात्यांनी ते स्टिअरिंगवरच्या अंगठ्यात अडकवलं. पेडल दाबलं की एक टिचकी. आजी म्हणाली, नाव तरी घे रे दाबताना.

आमच्या ट्रॅक्टरला डबल क्लच आहे. एकच पेडल, दोन टप्पे. अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ (रोटर फिरवणारा मागचा शाफ्ट) फिरत राहतो. पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. रोटरला हे बरं पडतं, पण एक घाण सवय इथंच लागते. बांधावर वळून आल्यावर रोटर मातीत टेकवायचा आणि मग पीटीओ जोडायचा. पाती मातीत रुतलेली, इंजिन फुल रेसवर, तो सगळा अडथळा पीटीओच्या प्लेटवर घासून निघतो. तात्या असं करत नाहीत. रेस कमी, रोटर जमिनीच्या जरा वर, पीटीओ जोडला, मग मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत रेस वाढवत हळूहळू खाली. शेजारच्या रानातला पोरगा नेमकं उलटं करत होता. त्याचा आवाज आमच्या बांधापर्यंत येत होता.

चार एकरांत टिचक्या ३८८. वास नाही, काही नाही. संध्याकाळी प्ले २२.

७ नोव्हेंबर

साखर कारखाना सुरू झाला, आमची ऊसतोड टोळीही फडात आली. दोन ट्रॉल्या, फडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत १९ किलोमीटर. प्ले २१. नवी प्लेट सुरुवातीला बसताना थोडी लवकर झिजते असं चाचा म्हणाले होते, त्यामुळं या एका मिलिमीटरवर काही लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर

रात्री तात्यांबरोबर काट्यापुढच्या ट्रॅक्टरांच्या लाईनीत गेले. आई नको म्हणत होती, आप्पा सोबत आले म्हणून जमलं.

संध्याकाळी सातला शेपटाला लागलो, पहाटे सहाला काट्यावर. मधले अकरा तास म्हणजे तीन मीटर पुढं, थांबा, पाच मीटर पुढं, थांबा. प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप, प्रत्येक टेपवर वेगळं गाणं, वर ट्रॉल्यांच्या पाट्यांवर रेडियम. थंडी होती. कुणीतरी वाडं पेटवून शेकायला बसलं होतं. तात्या मात्र सीटवरून हलेनात. पुढचा हलला की फट दिसते, फट दिसली की बाजूनं कुणीतरी घुसतं. म्हणून गिअर टाकलेलाच, पाय पेडलवर, इंजिन गुरगुरतंय. मी विचारलं, न्यूट्रल का नाही करत?

"न्यूट्रल केला की गाडी मागं जाती, बाई. ट्रॉलीला ब्रेक हाय का? ट्रॅक्टरच्या ब्रेकचं लॉक बसतंय का बघ." बघितलं. लॉकची दातरी गुळगुळीत झाली आहे, पेडल दाबून अडकवलं तरी सुटतं. आणि काट्याकडं जाणारा शेवटचा रस्ता चढाचा आहे.

त्या चढावर पहिल्यांदा वास आला. ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही : जळलेल्या चिंधीचा आणि गंजाचा मिळून. ट्रॅक्टर जागचा हलत नव्हता. पुढंही नाही, मागंही नाही. तात्यांनी पेडल अर्ध्यावर धरून २० टनांचा डोलारा तसाच पेलला होता. आणि तेही इतकं नाजूक, की आप्पांना वाटत होतं गाडी ब्रेकवर उभी आहे.

काट्यावर काउंटर बघितलं. अकरा तासांत टिचक्या १४२. रोटरच्या दिवसाच्या निम्म्यासुद्धा नाहीत.

म्हणजे मी जे मोजत होते ते चुकीचं होतं. सरांची मान आठवली.

१७ नोव्हेंबर

कागदावर गणित. एखादी गोष्ट उभ्यापासून वेगाला आणायची तर त्या वेगाला तिच्यात जेवढी ऊर्जा भरते, साधारण तेवढीच क्लचमधे उष्णता होऊन जाते. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ऊस मिळून २० टन धरले. रस्त्याचा रोध सोडून दिला, धरला तर आकडे वाढतील.

पहिल्या लो गिअरमधे निघताना वेग ताशी २ किलोमीटर धरला तर दर निघण्याला ३ किलोज्यूल. तात्या ज्या गिअरमधे निघतात त्यात तो वेग ताशी ६ आहे. वेग तिप्पट, उष्णता नऊपट : २८ किलोज्यूल. तिप्पट वेगाला तिप्पट झीज असंच मला इतके दिवस वाटत होतं. वेगाचा वर्ग असतो हे दहावीपासून लिहितेय, पण ते पेपरात.

आता चढ. १०० मीटरला २ मीटर चढ धरला तर २० टनांना मागं ओढणारं बळ जवळपास ३९०० न्यूटन. ट्रॅक्टर क्लचवर जागीच धरला की गिअरप्रमाणं तो ज्या वेगानं चालला असता, तो वेग गुणिले हे बळ, एवढी शक्ती सगळी प्लेटवर जाते. ताशी ६ म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर. उत्तर साडेसहा किलोवॅट. आमच्या न्हाणीतला गीझर २ किलोवॅटचा आहे. असे तीन गीझर लावले तरी कमीच, आणि ते सगळं बंद डब्यात, पाण्याशिवाय. २० सेकंद धरलं तर १३० किलोज्यूल, म्हणजे लो गिअरमधे चाळीसहून जास्त वेळा निघण्याएवढं. टिचकी मात्र एकच.

पेडल पूर्ण दाबून धरलं तर प्लेट मोकळी असते, तिला काही होत नाही. तेव्हा भार बेअरिंगवर, फिंगरांवर आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर. प्लेट जाते ती मधल्या पट्ट्यात. तेव्हा मोजायचा तो पाय मधल्या पट्ट्यात किती वेळ होता हे.

काउंटर आजीला परत केलं. तिनं आधी ते शून्यावर आणलं.

२४ नोव्हेंबर

वेळ मोजायला डेटा लॉगर घ्यावा असं सर म्हणाले. किंमत बघून मी दुसरं केलं. भिंतीवरचं साधं घड्याळ, एका सेलवर चालणारं. पेडलजवळ दोन लिमिट स्विच बसवले. पहिला पेडल प्ले ओलांडून पुढं गेलं की चालू होतो. दुसरा पेडल तळाला गेलं की बंद होतो. सेलची वायर दोन्हींतून नेली. पाय मधल्या पट्ट्यात असेल तेवढा वेळच घड्याळ चालतं, बाकी वेळ उभं. निघताना बाराला लावायचं, परत आल्यावर वाचायचं. एका सेकंदापेक्षा छोटं दाबणं त्यात येत नाही, तेवढं चालेल.

घड्याळ मीटरच्या शेजारी पट्टीनं आवळलं. त्यावर सोसायटीचं नाव छापलंय, ते चिकटपट्टीनं झाकलं.

१ डिसेंबर

सहा खेपांच्या नोंदी झाल्या. लाईनीत दर खेपेला १५ ते २० मिनिटं, हे अपेक्षेप्रमाणं. पण रस्त्यावर? १९ किलोमीटरच्या भरल्या खेपेत, जिथं गिअर बदलायला चार-पाच वेळाच क्लच लागतो, तिथं २४ मिनिटं. मला वाटलं स्विच अडकला. तपासला, ठीक होता.

तात्या म्हणाले, "मी पाय ठेवतच न्हाई." खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मडगार्डवर बसून गेले आणि घड्याळाकडं बघत राहिले. गाव सोडलं, टॉप गिअर पडला, पाय खाली आला, काटा थांबला. कालव्याच्या पुलाजवळ काटा चालायला लागला. मी काही बोलले नाही. तात्यांचंच लक्ष गेलं, त्यांनी पाय काढला, काटा थांबला. दोन किलोमीटरवर पुन्हा. तिसऱ्यांदा ते स्वतःच हसले, "च्यायला, हा पाय माझा हाय का कुणाचा?"

प्ले १७ झालाय. लॉकनट दीड आटा फिरवून २२ केला.

५ डिसेंबर

पाय तिथं का जातो ते सापडलं, आणि त्यात तात्यांचा दोष थोडाच आहे. सीट पुढं-मागं करायची पट्टी गंजून शेवटच्या खाचेत बसली आहे. आधीचा ड्रायव्हर उंच होता. तात्या बुटके. सीटच्या कडेवर बसायचं तर डाव्या पायाला टेकायला काहीतरी लागतं, आणि डाव्या बाजूची फूटबोर्डाची पट्टी दोन वर्षांपूर्वी बांधावर आपटून वाकली ती वाकलीच. मग टेकायला उरतं काय, पेडल. खड्डा आला की अंगाचा भार त्यावर.

चाचांनी डिझेल आणि हातोडी लावून सीट सोडवली, दोन खाचा पुढं घेतली. पेडलच्या डावीकडं जुन्या अँगलची तिरपी पायटेकण वेल्डिंग केली, वर टायरचा तुकडा. तासाभराचं काम. ब्रेकच्या लॉकची दातरी नवी बसवायला आप्पांनी स्वतःहून सांगितलं. उचल कापायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

१९ डिसेंबर

रस्त्यावरची वेळ २४ मिनिटांवरून ३ वर आली. लाईनीतली तेवढीच.

लाईनीसाठी बझर लावला. पाय मधल्या पट्ट्यात पाच सेकंदांपेक्षा जास्त राहिला की वाजणार. सरांना हा भाग फार आवडला, अहवालात यालाच 'उपकरण' म्हणायचं ठरलं. चार दिवस चालला. मग तात्यांचा निरोप आला की टेपच्या आवाजात ऐकूच येत नाही. टेप बारीक केली तर झोप येते. आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, मोबाईल वाजतोय, तो उतरून शोधायला लागला. वायर तात्यांनी सोडवून नीट गुंडाळून डब्यात ठेवली होती. तोडली नव्हती.

४ जानेवारी

पुन्हा लाईन. या वेळी तात्यांनीच एक रीत काढली, मी फक्त लिहून घेतेय. पुढचा तीन मीटर हलला तर हलायचं नाही. ब्रेक लॉक, गिअर न्यूट्रल, पाय पायटेकणीवर. दोन ट्रॉल्यांएवढी जागा झाली की पहिला लो गिअर टाकायचा, हँड थ्रॉटल खाली, क्लच एका दमात पूर्ण सोडायचा आणि पाय काढून घ्यायचा. इंजिन आपल्या मंद चालीनं ओढत नेतं. दहा वेळा सरकायचं ते एकदाच. चढावर क्लीनर पोरगा मागच्या चाकाला लाकडी गुटका लावतो.

घुसणाऱ्यांचं काय? दोघं घुसले. एकाला क्लीनरनं गुटका दाखवून परत पाठवलं. दुसरा पुढं गेला तो गेलाच, त्यानं अकरा तासांत काय फरक पडला म्हणा. मागचे हॉर्न वाजवत होते. तात्या टेपचा आवाज वाढवून बसले.

घड्याळ : लाईनीत ४ मिनिटं. काटा दोनदा बघून लिहिलंय.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळं सोलापूर शहरात वाट नाही, कॉलेजला गेलेच नाही. घरी प्ले मोजला : २१. डिसेंबरपासून एक मिलिमीटर. आधीच्या तीन आठवड्यांत चार गेले होते. नवी प्लेट बसण्याचा काळ त्यात धरला पाहिजे, म्हणून सगळं श्रेय पायटेकणीला देता येत नाही. अहवालात तसंच लिहिणार. सर कदाचित खोडतील.

बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या डब्याच्या) खालच्या भोकातली पिन काढून बघितली. काळी कोरडी भुकटी, तेलाचा ठिपका नाही. सील ठीक आहेत.

११ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, घसरतंय हे ड्रायव्हरला वासाआधी कसं कळेल? सांगितलं : चढावर रेस वाढते, वेग वाढत नाही. आणि तपासायचं असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा, मध्यम रेसवर क्लच सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय, चालत राहिलं तर घसरतोय. हे एकदाच आणि लगेच उरकायचं, कारण परीक्षा घेतानाही प्लेट जळतच असते. ते हसले, "आमच्यासारखंच मग."

आमच्या ट्रॅक्टरवर करून बघितलं, इंजिन लगेच बंद पडलं. प्ले २०. गेल्या वर्षी या सुमारास लॉकनट कुठं होता ते कुणालाच माहीत नाही. या वर्षी पांढऱ्या खुणेपासून दीड आटा.

संध्याकाळी स्विच काढायला गेले. तात्या म्हणाले, स्विच ने, घड्याळ राहू दे. सेलची वायर सरळ जोड, लाईनीत वेळ तरी कळंल. जोडली. सोसायटीच्या नावावरची चिकटपट्टी त्यांनीच काढली.